‘नॉर्मल’चा शिक्का थांबवा: सोलापुरातील आरोग्य शिबिरांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील आरोग्य तपासणी शिबिरांचे आयोजक, मंडळांचे पदाधिकारी, रक्त तपासणाऱ्या लॅबचे चालक आणि महापालिकेचा आरोग्य विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. पूर्व भागात मंडपांचे बांबू उभे राहिले, आणि सोबत फ्लेक्सही लागले: ‘मोफत महाआरोग्य शिबिर. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. कार्ड जागेवर मिळेल.’ यंदाही गेल्या वर्षीचेच कार्ड छापायचे, असे आमच्या भागातल्या बैठकीत ठरले. ते बदला, अशी विनंती मी तिथे केली होती. ‘ताई, लोकांना एक आकडा कळतो. जास्त सांगितलं की गोंधळतात,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून सर्वांसमोर लिहिते आहे.

शिबिरे बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या कारखान्यातल्या माणसाला दवाखान्यात जायचे तर अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याच्या दारात तुम्ही बीपीचे मशीन नेता. सकाळी सहाला येऊन टेबले लावणारी मंडळाची पोरे मी पाहिली आहेत. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण त्या कष्टांतून माणसाच्या हातात जो कागद पडतो, तो चुकीचा दिलासा देत असेल तर ते कोणीतरी सांगायला हवे.

माझा या विषयाशी संबंध माझ्या थोरल्या भावामुळे आला. दादा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, होता. वय एकोणपन्नास. शुगरच्या गोळ्या चालू, तोंडात दिवसभर मावा, आणि आमचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅकने गेलेले. अशाच एका शिबिरात त्याला कार्ड मिळाले. ते अजून आमच्या घरी आहे. पिवळसर जाड कागद, वर बाप्पाचे चित्र, खाली चार चौकटी: वजन, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. बीपीच्या चौकटीत १४८/९२, शेजारी ‘थोडे जास्त’. शुगरच्या चौकटीत ‘गोळ्या चालू’. कोलेस्टेरॉलच्या चौकटीत १७८, आणि त्यावर जांभळ्या शाईचा तिरका शिक्का: नॉर्मल. वडील कशाने गेले, हे त्याला कोणी विचारले नाही. माव्याबद्दलही नाही.

संक्रांत झाली, गड्ड्याची यात्रा संपत आली होती. रातपाळीवरून आल्यावर पहाटे त्याचा जबडा आणि डावा खांदा दुखायला लागला, घाम फुटला. वहिनी दवाखान्यात चला म्हणाली, तर त्याने कपाटातून हे कार्ड काढून तिच्यासमोर धरले. ‘माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, पित्त झालंय.’ दुपारी उलटी होऊन तो आडवा झाला तेव्हा रिक्षा बोलावली. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, दादा वाचला. पण सकाळचे ते तास हृदयाच्या स्नायूने रक्ताविना काढले होते. हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले. आता तो त्याच कारखान्यात निम्म्या पगारावर टॉवेलच्या घड्या घालतो.

कार्डाला दिलेल्या पाकिटात लॅबचा पूर्ण रिपोर्टही होता, इंग्रजीत, स्टेपल मारलेला. तो आम्ही नंतर उघडला. टोटल कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल (ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात) ३१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) २६०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९५; या पत्रातले असे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. धोका त्या कागदावर छापलेला होता. कार्डावर मात्र चारपैकी एकच आकडा उतरला.

इथे माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार येते. टोटल कोलेस्टेरॉल ही बेरीज आहे. चरबी रक्तात आपणहून विरघळत नाही, म्हणून शरीर ती प्रथिनांच्या वेष्टनात घालून फिरवते. त्यातली एलडीएल आणि तिच्या जातीची वेष्टने रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, तिथे साचतात, वर्षानुवर्षे थर चढतो आणि एके दिवशी तो थर फुटून गुठळी होते. एचडीएल त्या जातीतले नाही, पण टोटलच्या आकड्यात तेही मोजलेले असते. पोत्याचे नुसते वजन करून आत गहू किती आणि खडे किती हे कळत नाही, तसे हे आहे. दादाच्या १७८ मधून एचडीएलचे ३१ वजा करा. १४७ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे भिंतीत शिरू शकणारी सगळी चरबी. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, जादा पैसेही लागत नाहीत. पाचवीतल्या मुलाला येणारी वजाबाकी आहे ती.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कमी धोक्याच्या माणसाचेही एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावे, असे त्या सांगतात. धोका जास्त असेल, तर एलडीएल ७० च्या आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली. मधुमेह, वाढलेले बीपी, तंबाखू आणि तरुण वयात गेलेले वडील, एवढे सगळे असलेल्या माणसाला १४७ वर ‘नॉर्मल’ म्हणणे कोणत्या हिशोबात बसते?

आणि दादा काही निराळा नाही. एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, एलडीएल वरवर बेताचे पण त्याचे कण बारीक आणि संख्येने पुष्कळ, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. अशा माणसाचे टोटल बऱ्याचदा दोनशेच्या, म्हणजे ‘नॉर्मल’च्या रेघेच्या, आत येते. म्हणजे ज्यांना जपायला हवे त्यांच्याच कार्डावर तुमचा शिक्का बसतो. 2009 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने दवाखान्यात भरती झालेल्या 1,36,905 रुग्णांचे रिपोर्ट त्यात पाहिले होते. जवळजवळ निम्म्यांचे एलडीएल १०० च्या खाली होते, आणि निम्म्याहून अधिकांचे एचडीएल ४० च्या खाली. अ‍ॅटॅक आल्यावर पहिल्या दिवसाच्या आसपास कोलेस्टेरॉल थोडे उतरते, हे लक्षात घेतले तरी एवढे नक्की दिसते की ठरावीक आकड्याच्या अलीकडे सगळे सुखरूप आणि पलीकडे सगळे धोक्यात, अशी रेघ कुठेच नाही.

दुसरी तक्रार कार्डावर नसलेल्या चौकटींची आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 साली 5,209 स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे नाते जगाला ठळकपणे दिसले ते तिथल्यासारख्या अभ्यासांतून. पण तिथेच हेही दिसले की बीपी, सिगारेट, मधुमेह, वय आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशोब एकत्र मांडायचा असतो. पुढे 2004 मध्ये 52 देशांतला इंटरहार्ट हा अभ्यास आला. पहिल्या अ‍ॅटॅकचा जवळजवळ नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींतून समजावता येतो, असे त्यातून निघाले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या भागातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि इतरांना ५९ व्या, हेही त्याच अभ्यासात दिसले. विडी आणि चघळायची तंबाखू दोन्ही हृदयाला घातक आहेत, हेही त्याने दाखवले. विड्या वळणाऱ्या हातांच्या आणि माव्याच्या पुड्यांच्या या शहरात तंबाखूचा प्रश्न नसलेले हृदयाचे कार्ड छापले जाते, हे मला सहन होत नाही.

बरे, ही माहिती मिळवणे अवघडही नाही. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात. तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार हे सगळे त्यात विचारलेले असते. आमच्या भागातल्या आशाताई उन्हातान्हात ते काम करतात. शिबिराच्या टेबलावर मात्र त्यांना ओळी लावायला उभे करतात.

तिसरी तक्रार उलट बाजूची. माझ्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. त्यांच्या कार्डावर टोटल २३६ आणि लाल शिक्का: ‘हाय, तेल बंद’. मावशींनी तेल सोडले, शेंगा चटणी सोडली, महिनोन्‌महिने कडक भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. रात्री झोप लागेना, मुलाला सारखे सांगायच्या की माझे काही खरे नाही. कोणी नीट पाहिले असते तर त्यांचे एचडीएल ७२ दिसले असते, बीपी आणि शुगर व्यवस्थित दिसली असती, तंबाखू त्या वळतात पण खात नाहीत हे कळले असते. चेहऱ्यावरची सूज आणि गळणारे केसही दिसले असते. शेवटी एका डॉक्टरांनी थायरॉइड तपासले. ते मंदावले होते, आणि थायरॉइड मंदावले की कोलेस्टेरॉल चढते. गोळी सुरू झाल्यावर ते दोनशेच्या आत आले. शेंगदाण्याचा त्यात काही दोष नव्हता, त्यातली चरबी बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला कमी त्रासाची, असते. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी आणि वनस्पती तुपातली बिस्किटे टाळा, एवढे सांगितले असते तर ते उपयोगाचे होते.

उपाशीपोटी येण्याच्या अटीबद्दल थोडेच लिहिते. बारा तासांची रातपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहापर्यंत चहाविना रांगेत उभे करणे म्हणजे त्याला घरी पाठवणेच आहे. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, पहिल्या तपासणीला उपास लागत नाही, असे युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्येच सांगितले आहे, आणि वर उल्लेखलेल्या भारतीय सूचनाही तेच सांगतात. ट्रायग्लिसराइड फार जास्त निघाले तरच पुन्हा उपाशीपोटी बोलवावे.

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला भीती वाटते. हे पत्र वाचून कोणी म्हणेल, बघा, कोलेस्टेरॉलला काही अर्थ नाही, सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे. असे निरोप मोबाइलवर रोज फिरतात. दादाच्या कारखान्यातल्या दोघांनी ते वाचून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सोडल्या. काहीजण रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद करतात, तो गोळीमुळेच चांगला आला आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी असे काही म्हणत नाही, आणि माझ्या पत्राचा तसा वापर कोणी करू नये. एलडीएल रक्तवाहिन्या खराब करते, हे पक्के आहे. दर अडीचशे-तीनशे माणसांत एक जण जन्मतःच खूप चढे एलडीएल घेऊन येतो आणि उपचार न झाल्यास त्याला ऐन तरुणपणी अ‍ॅटॅक येऊ शकतो. उलट, ज्यांचे एलडीएल जन्मापासून कमी, त्यांच्यात हा आजार फार कमी आढळतो. एलडीएलचे कण पेशी कशा आत ओढून घेतात, हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल मिळाले. हृदयविकार असलेल्या 4,444 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले, तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेणाऱ्यांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी होते. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की हृदयाचे मोठे झटके आणि पक्षाघात पाचव्या हिश्श्याने घटतात, हे त्यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र करून दिसले. कोलेस्टेरॉल मोजायलाच हवे. ते कोणाचे मोजले आहे, हे पाहून त्याचा अर्थ लावायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणूनच तुमच्या मंडपात ‘कोलेस्टेरॉल आठ दिवसांत साफ’ करणाऱ्या रसाच्या बाटल्यांचे टेबल लागते, तेव्हा वाईट वाटते. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी ते लागले की लोक त्यालाही डॉक्टरांची संमती समजतात.

लॅबचालकांना दोन शब्द. बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसते, 1972 पासून चालत आलेल्या सूत्राने काढलेले असते: टोटलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तरी ४३० ट्रायग्लिसराइडच्या खाली सूत्राचे एलडीएल छापलेला रिपोर्ट मी पाहिला आहे, आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘नॉर्मल रेंजमध्ये’.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कोलेस्टेरॉलच्या चौकटीतला ‘नॉर्मल’ आणि ‘हाय’ हे दोन्ही शिक्के काढून टाका. त्या जागी टोटल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, एलडीएल आणि वजाबाकी करून नॉन-एचडीएल लिहा. पूर्ण तपासणीचा खर्च झेपत नसेल तर निदान टोटल आणि एचडीएल एवढे तरी करा. नुसते टोटल करणार असाल तर त्यावर शेरा मारू नका.

कार्डावर चार प्रश्न वाढवा: वय किती, तंबाखू कोणत्याही रूपात घेता का, शुगर आहे का, आणि वडील-भावांपैकी कोणाला पंचावन्नच्या आत किंवा आई-बहिणीपैकी कोणाला पासष्टच्या आत हृदयविकार झाला होता का.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये धोक्याचे रंगीत तक्ते सुधारून दिले आहेत, आपल्या भागासाठी वेगळे. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या, आधी अ‍ॅटॅक न आलेल्या माणसाचा पुढच्या दहा वर्षांतला धोका त्यावरून हिरवा, पिवळा, केशरी, लाल असा काढता येतो. टोटल कोलेस्टेरॉलचा आकडा तिथे उपयोगी पडतो, कारण तो वय, बीपी, शुगर आणि धूम्रपान यांच्या शेजारी बसतो. रक्त न तपासता, उंची-वजनावरून वापरायचा दुसरा तक्ताही आहे, म्हणजे पैसे नाहीत ही अडचणही उरत नाही. मावा आणि घरातला इतिहास या तक्त्यांत नाहीत, म्हणून वरचे चार प्रश्न वेगळे हवेत. हे तक्ते प्रत्येक शिबिरात आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात भिंतीवर लावावेत, ही महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे.

कार्डाचा मजकूर मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये छापा. आमच्या गल्लीत तिन्ही भाषा बोलल्या जातात, इंग्रजी रिपोर्ट कोणी वाचत नाही.

केशरी आणि लाल रंगात येणाऱ्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवा, घाईत नव्हे, निवांत. त्याचे नाव त्याच्या संमतीने त्या भागातल्या आशाताईंना द्या. तीन महिन्यांनी त्याने पुन्हा तपासले का, गोळ्या सुरू आहेत का, हे पाहायची जबाबदारी कोणाची ते शिबिराआधी ठरवा. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो, त्याच्याबरोबर त्या माणसाचा पत्ता हरवता कामा नये.

आणि कार्डाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापा: छाती, जबडा, खांदा किंवा हात दुखून घाम आला, दम लागला, तर आधीचा कोणताही रिपोर्ट काहीही असो, लगेच 108 ला फोन करा.

लॅबचालकांनी नॉन-एचडीएल प्रत्येक रिपोर्टात छापावे, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असताना सूत्राचे एलडीएल देऊ नये, आणि कोणाचे एलडीएल किती असावे हे धोक्यानुसार बदलते, ही एक ओळ मराठीत घालावी. ज्यांच्या घरात तरुण वयात अ‍ॅटॅक आले आहेत त्यांच्यासाठी लायपोप्रोटीन-ए ही तपासणी उत्सवाच्या काळात तरी सवलतीत करावी. एलडीएलसारखाच रक्तवाहिन्यांना घातक असलेला हा घटक मुख्यतः आईवडिलांकडून येतो, तो आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरतो.

नव्या कार्डाचा मराठी नमुना मी तयार केला आहे, एका पानात बसतो. तेलुगू मजकूर आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंनी लिहून दिला आहे, कन्नडसाठी मदत हवी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. तक्ता कसा वाचायचा हे स्वयंसेवकांना शिकवायला मी आणि माझे सहकारी शिक्षक कोणत्याही मंडळात, शाळा सुटल्यावर, यायला तयार आहोत. कार्डे अजून छापायला गेलेली नाहीत असे कळते. प्रतिष्ठापनेच्या आधीच्या रविवारपर्यंत आपण काय ठरवले ते जाहीरपणे कळवावे.

आपली,
एका कारखाना कामगाराची बहीण
पूर्व भाग, सोलापूर